हिरव्या नावांच्या फायली

सोम. २९ नोव्हें. २००४
कॉलेजात बावीस संगणकयंत्रं, सांभाळणारा मी एकटा. आजवर ज्याचं खातं त्याच्याच यंत्रात. आता वर सर्व्हर आलाय, सगळी खाती तिथे न्यायची. माणसाने कुठल्याही यंत्रावर बसावं, स्वतःचंच टेबल समोर यावं. मुदत १८ डिसें., तोवर जुनी खाती पुसून मोकळं व्हायचं. २० ला तपासणी समिती.
प्राचार्य : "एम.ए. मराठी ना तुम्ही? मग अहवालही तुम्हीच लिहा. समितीला झोप येणार नाही असा."
अकराला ग्रंथालयाच्या पावलीन मॅडम घाईने निघून गेल्या. फोन आला होता, वडील पडले.

मंगळ. ३०
परीक्षा विभाग. राऊतबाई नव्या खात्यात शिरल्या, पडदा कोरा. "सर, माझा नातू कुठे गेला?" फोटो जुन्या खात्यात राहिला होता. आणून लावला. बराच वेळ बघत राहिल्या. "हा तोच ना?"
तोच की त्याची प्रत. पुढच्या यंत्राकडे वळलो.
घरी जेवताना पाय हलत होता. एव्हरशाईन वसाहतीत राहायला आल्यापासून ही सवय.

गुरु. २ डिसें.
ग्रंथालय. पा. मॅडम रजेवर. पासवर्ड त्यांनाच ठाऊक. जूनमधलं माझंच परिपत्रक : दर सोमवारी बदलावा, कुठेही लिहू नये. सगळ्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे लिहिलेत. मी पाहत नाही. आज ग्रंथालयातली दिनदर्शिका उलटून पाहिली. कोरी. एकट्या त्यांनी ऐकलं.
फोन करता आला असता. इस्पितळात कशाला त्रास, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे थांबवत नव्हतं. माझ्या अधिकारात शिरलो, त्यांचा पासवर्ड बदलला. इशारा आला : काही माहिती कायमची जाईल, पुढे जायचं? असे इशारे दिवसातून दहा येतात. 'हो' दाबलं.

शुक्र. ३
पा. मॅडमचं सगळं नव्या खात्यात आलं. एक फोल्डर येईना. नाव 'विहिरी'. आत एकतीस फायली, नावं म्हणजे नुसते आकडे, एक ते एकतीस. हिरव्या अक्षरांत. उघडायची परवानगी नाही.
हिरवं म्हणजे कुलूप.
मार्चमध्ये त्यांनी विचारलं होतं, "सर, कोणी वाचू नये असं काही करता येतं?" खूण करायचा चौकोन मीच दाखवला. अक्षरं हिरवी झाली तेव्हा त्या हसल्या होत्या.
ते कुलूप पासवर्डाला बांधलेलं असतं. धन्याने पासवर्ड बदलला तर कुलूप समजून घेतं. दुसऱ्याने बदलला तर नाही.

शनि. ४
दिवसभर पुस्तकं चाळली. एकच मार्ग : जुना पासवर्ड जसाच्या तसा परत ठेवायचा. मग उघडतं. म्हणजे त्यांना विचारणं आलं.
आमचे शिपाई तांडेलमामा पाचूबंदरचे. इस्पितळात जाऊन आले. "मॅडमच्या बापाची वाचा गेली, सर. डोळे उघडे, पन बोलनं नाय. पानी चमच्यानं." मग, "तुमचं ग्रंथालय झालं?"
झालं म्हणालो.

सोम. ६
विचारलं नाही.

मंगळ. ७
आजही नाही. कॅन्टीनमध्ये चहा निवला.

गुरु. ९
पा. मॅडम कामावर. मी सांगायच्या आधीच यंत्र लावून बसल्या होत्या. सांगितलं. क्रमाने, काही न लपवता. फोन केला नाही हेही.
मग त्या सांगू लागल्या.
फायलींत काय आहे ते आज कळलं. त्यांच्या गावच्या विहिरी, आगाशीच्या वाटेवर. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की बापलेक निघायचे. वडील एकेका विहिरीशी थांबून सांगायचे : कोणी खणली, पाणी कुठल्या सालापर्यंत गोड, कोण बुडालं, कोणी बुजवली आणि वर काय बांधलं. बुजवणाऱ्यांची नावं आहेत, त्यातले निम्मे नातेवाईक. म्हणून कुलूप. एका विहिरीची एक फाइल. जेवणाच्या सुट्टीत इथेच टाइप केलं.
"वहीत काहीच नाही?"
"चिठ्ठ्या होत्या. फेकल्या. यंत्रात सुरक्षित राहतं म्हणालात तुम्ही."
पासवर्ड : दर सोमवारी एका विहिरीचं नाव, मनात येईल ते. "त्या सोमवारी सकाळीच नवीन ठेवला. एकदाच वापरला. मग फोन आला."
कोणतं नाव?
"तेच आठवत नाही, सर. बाबांच्या बाजूला बसून रोज आठवते."

शुक्र. १०
त्यांना आठवणारी एकोणीस नावं. मी एक नाव पासवर्ड म्हणून ठेवायचं, त्यांनी टाइप करून शिरायचं, फाइल उघडून बघायची. प्रत्येक नाव इंग्रजी अक्षरांत दोन-तीन तऱ्हांनी. त्या टाइप करताना मी सवयीने भिंतीकडे तोंड केलं.
"वळा इकडे. आत्ता तुम्हीच ठेवलात ना तो?"
एकोणीस. एकही नाही.

रवि. १२
मिस्सेनंतर चर्चच्या फाटकाशी भेटलो. त्या पुढे, मी वही घेऊन मागे. झपाझप चालतात. मोठी बाव, म्हणजे विहीर. धोब्याची. खारी. पुढे आणखी दहा. चिंचेची. कुरसाकडची. कुरूस म्हणजे क्रूस. नाव सांगायचं आणि पुढचं पाऊल.
एका ठिकाणी तीन मजली इमारत. वॉचमन : "कुआँ? यहाँ तो पार्किंग है, मॅडम." त्यांनी नाव सांगितलं, मी लिहिलं.
कुंपणापलीकडून एक म्हातारी : "पावलीन, आता गो विहिरी कशाला मोजतेस? नळ आला ना?"
"आला. पाणी येतं का?"
म्हातारी आत गेली.
तीस नावं. एक कमी. परत फिरून पुन्हा मोजली, तीसच. नावं मिळाली, वडिलांनी सांगितलेलं नाही. दोन विहिरींबद्दल त्यांना थोडं आठवलं. बाकीच्यांबद्दल म्हणाल्या, "तेव्हा मी नुसती लिहून घेत होते. ऐकलं कुठे?"

सोम. १३
उरलेली अकरा नावं. नाही.
म्हणजे पासवर्ड एकतिसावं नाव आहे. जे मिळालं नाही तेच.

बुध. १५
प्राचार्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "चूक तुमची, हे समजलं. पण समितीला काय सांगू? बावीसपैकी एक यंत्र विहिरीत पडलंय?" मग जरा हळू, "शनिवार संध्याकाळ. त्यानंतर जुनं खातं राहणार नाही."
खातं गेलं की नाव सापडूनही उपयोग नाही. हे त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. कशासाठी, कळलं नाही.
तांडेलमामा जिन्यात : "सर, तुमाला कोनी सांगितलं इतकी घाई करायला?"
कोणीच नाही.

गुरु. १६
वडिलांना काल घरी आणलं. संध्याकाळी गेलो. खिडकीशी खाट. पा. मॅडमनी माझी वही घेतली आणि नावं वाचायला सुरुवात केली, रस्त्याच्या क्रमाने. दोन विहिरींच्या मध्ये थांबत. ते छताकडे बघत होते. तेरा नावं काहीच नाही. चौदावी चिंचेची. पंधरावी, कुरसाकडची, वाचली आणि त्यांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला.
पुन्हा मागून. चिंचेची. कुरसाकडची. हात.
"यांच्या मध्ये आहे, बाबा?"
हात खाली आला. डोळे लेकीकडे.
पेन्सिल दिली. त्यांनी कागदावर आडवी रेघ ओढली, कागद संपला तरी चादरीवर ओढत राहिले. मग थकले. नाव सांगता येत नाही. लेकीने अंदाजाने विचारलेल्या प्रत्येक नावाला डोळे मिटतात. ते हो की नाही, आम्हाला ठरवता येईना. प्रत्येक नाव लिहून घेतलं.
त्या दोन विहिरींत शंभरेक पावलांचं अंतर असेल. रविवारी ते आम्ही न थांबता चाललो होतो. डावीकडे लांब भिंत, उजवीकडे वाडी. ती रेघ कदाचित भिंतच. उद्या सात वाजता तिथून पुन्हा चालायचं ठरलं आहे, भिंतीच्या आतूनही. आत कोण राहतं ते पा. मॅडमना ठाऊक आहे. त्यांच्याशी आमचं बोलणं नाही, म्हणाल्या.