चार दारं, एकच डिस्क

प्रिय-बिय नंतर पाहू, सलीमभाई. तुमाले माहीत होतं! आधीपासून माहीत होतं, अन् तुमी एक शब्द बोलले नाई. काहून?

नाई, मधात बोलू नोका. तुमी होते तवा मी निस्ती "हो भाई, हो भाई" करत राहिली. आज माही पाळी आहे.

बडनेऱ्याच्या स्टेशनवर बाकड्यावर बसून लिहून राहिली. ऑफिसात जायची अकोल्याची पॅसेंजर लेट आहे. मांडीवर तुमची चौकटीची वही. काल नसीमभाभीनं तुमच्या कपाटातून काढून देली. म्हणे, "तुम्हारे काम की है बेटा, हमको तो इसमें खाली डिब्बे दिखते." डबेच आहेत त्यात. पानोपानी पेन्सिलीचे डबे, एक डबा म्हणजे एक डिस्क.

अन् त्यात ऑफिसात नवा सर्व्हर आला. सहा डिस्का, कोऱ्या करकरीत. साहेबायनं काल बोलावलं. "सुनंदा, उद्या दुपारपर्यंत कोणत्या डिस्कवर काय राहीन त्याचा लेआउट कागदावर पायजे. अन् पाय, ते सलीमवालं करू नोको."

सलीमवालं! तुमाले जाऊन वर्ष नाई झालं, अन् त्या चुकीले तुमचं नाव पडलं. ज्यायनं तुमाले पायलंही नाई ते नवे पोट्टेही तसंच म्हणतात. अन् मी काय केलं? मान हालवली. चूक माही होती, भाई. माही एकटीची.

पहिला दिवस आठवते? कॉलेजातून युनिक्स शिकून मी भलत्या तोऱ्यात आली होती. तुमी कीबोर्ड बाजूले सरकवला अन् हातात पेन्सिल देली. "आधी कागद, मंग कमांड." कसा राग आला होता मले! वहीत कवितेची ओळही रेघेवर सरळ न लिहिणारी मी बाई, अन् हा माणूस मले चौकटी भरायले लावते!

तुमी सांगतलं, डेटाबेस दोन हातानं लिहिते. एक हात डेटा लिहिते, तो साऱ्या डिस्कभर उड्या मारते. दुसरा हात लॉग लिहिते, काय काय बदललं ते, एकामागं एक, न थांबता. दोघायले एका डिस्कवर बसवलं की तिची सुई धावून धावून मरते.

"अन् डिस्कच मेली त?"

"बॅकअप आहे न, भाई."

"बॅकअप मागच्या हप्त्याचा. मधातले दिवस कुठून आणशील? लॉगमधून. अन् लॉगही तिच्यासंगच मेला असन त?"



पण खरं डोक्यात शिरलं ते अचलपूरले, तुमच्या घरी. अम्मीनं वांग्याच्या बियाची डबी दाखवली, राख लावलेलं बी. "एक यहाँ, एक परतवाड्याले सलीमच्या खालाकडे, अन् एक शारदाकाकूच्या घरी, तिचं घर उंचावर आहे." मी म्हटलं, घरातच तीन डब्या ठेवल्या त नाई का चालत? अम्मी हसली. "घर जला तो तीनों जले. फिर तीन कायके?" तुमी भाकर मोडता मोडता माह्याकडं पायलं. बोलले काहीच नाई. तुमाले ती सवयच होती, न बोलण्याची!

मंग तो खरीप आला. बी उगवलं नाई. पाकिटावर हिरवंगार चित्र अन् वावर काळंच्या काळं. गावागावातून माणसं आपल्या शेतकी ऑफिसच्या खिडकीशी तक्रार लिहवायले आले. तक्रार मशीनीत गेली की नंबर भेटे. पाहणीवाला येऊन कोरं वावर पाहीन तवाच तक्रार खरी. म्हून लोक दुसऱ्यांदा पेरत नव्हते. डोळ्यासमोर पेरणीजोगा वाफसा निंघून चालला होता, अन् थांबून राहिले होते.

सर्व्हर घाईत उभा करायचा होता. अम्मी दवाखान्यात, तुमी चार दिवस तिकडं. जातानी कागद देऊन गेले, सहीसकट. चार डबे. यू-वनवर डेटा, यू-टूवर इंडेक्स, यू-थ्रीवर लॉग, यू-फोरवर जुने लॉग. मी त्याच नावाच्या चार डिरेक्टऱ्या केल्या, चार दारंच म्हणा, दर दारामागं डिस्कचा एक तुकडा जोडला, कमांड मारली. पडद्यावर चार ओळी आल्या, जशाच्या तशा तुमच्या कागदासारख्या. मले इतका आनंद झाला का सांगू! पण ते चारही तुकडे एकाच डिस्कचे होते. बाकीच्या तीन डिस्का पेटीत तशाच फिरून राहिल्या होत्या, रिकाम्या.

तुमी आल्यावर पडदा पायला अन् विचारलं, "डिस्का पायल्या न?"

"हो भाई."

खरं सांगू? तवा मले खरंच वाटत होतं का पायल्या. पण सोमवारी दुसरंच काही शोधता शोधता डिस्कची यादी काढली अन् तीन डिस्का रिकाम्या दिसल्या. तवा सांगायले पायजे होतं. तुमी माह्यापासून दोन हातावर बसले होते, चष्मा पुसत होते. पण खिडकीवरची लाइन पार गेटच्या बाहेर गेली होती. दुरुस्त करायचं म्हणजे अर्धा दिवस मशीन बंद. अन् दुसरं, अन् खरं कारण हेच, मले लाज वाटली. ठरवलं, रविवारी ऑफिस बंद असते, एकटी येऊन गुपचूप करीन.

शुक्रवारी डिस्क गेली. आधी खरखरली, मंग चूप. डेटा गेला, लॉग गेला, सारंच गेलं. मागच्या शनिवारची बॅकअपची टेप तेवढी राहिली. मधातल्या साऱ्या तक्रारी साफ.

पुष्पाबाई आठवते न तुमाले? बोरगावची, हिरव्या पातळाची. तिनं चिठ्ठी काचेवर टेकवली. "नंबर त माह्यापाशी आहे न, बाई. मंग तुमच्या मशीनीपाशी काहून नाई?"

मागून कोणी ओरडलं, "मशीनबी उगवली नाई वाट्टे!" सारी लाइन हसली. पुष्पाबाई नाई हसली. ती मलेच पाहत राहिली. "मी वावर मोकळं ठेवलं न बाई, तुमी म्हणले म्हून."

साहेबाच्या खोलीत मी दाराशी उभी होती. तोंड उघडणारच होती. खरंच उघडणार होती का, आता मलेही सांगता येत नाई. तुमी म्हणले, "लेआउट माहा होता, साहेब. सही माही आहे." बाहेर आले अन् मले म्हणता काय? "चाल, चहा पे."

चहा पे! मले शिव्या काहून नाई देल्या? एक शिवी देली असती त मी रडली असती अन् मोकळी झाली असती. तुमी रजिस्टर घेऊन ओट्यावर बसले, साऱ्या तक्रारी हातानं पुन्हा लिहून घेतल्या. पण पाहणी लांबली, वाफसा गेला. पुष्पाबाईचं वावर त्या साली कोरंच राहिलं. तुमाले सर्व्हरपासून काढून प्रिंटरच्या रिबिनी मोजायले बसवलं. दिवाळीनंतर तुमी गेले. डॉक्टरनं हार्ट सांगतलं. मी त्याचा अन् याचा संबंध लावत नाई. लावला त तुमीच ओरडसान, "नाटकं नोको करू."

पण काल वही उघडली अन् ते पान निंघालं. चार डबे अन् त्यायच्या भोवती एक मोठा गोल. खाली तुमचं बारीक अक्षर: "चारही एकाच डिस्कवर. सुनंदाले सांगा लागते, पण लोकायसमोर नाई. तिनं आपणहून सांगतलं त बरं. रविवारी दोघं बसू."

रविवारी! तुमचाही रविवार अन् माहाही रविवार!

दोन हातावर बसलेले दोन माणसं, दोघायलेही माहीत, अन् दोघंही रविवारची वाट पाहून राहिले. मी माही लाज झाकली. तुमीही माहीच लाज झाकली. अन् खिडकीपलीकडच्या बाईचं काय, भाई? तिचा विचार आपल्या दोघायपैकी कोणी केला? रागावू नोका. नाई, रागवा. पण उत्तर नोका देऊ, तुमच्या उत्तरानं मी पाघळते.

आता आयका, मी काय करणार आहे ते. नवा लेआउट याच वहीत काढला, रात्रीचा नाई, आता इथं, या बाकड्यावर. डेटाच्या दोन डिस्का, एकीची नक्कल दुसरीवर. लॉगच्या दोन, तशाच. जुन्या लॉगची एक. एक रिकामी, कोणी मेलं त त्याच्या जागी. अन् दर डब्यासमोर ती डिस्क पेटीच्या कोणत्या खणात आहे तो आकडा. पडद्यावर भरोसा नाई ठेवणार. पेटी उघडून, हात लावून मोजीन.

अन् त्याच कागदाच्या खाली मागच्या सर्व्हरची गोष्ट लिहिली. कोणी चार तुकडे एका डिस्कवर टाकले, कोणाले सोमवारी समजलं, कोण गप बसलं. साहेब माही नोकरी पुढं वाढवतीन का नाई, माहीत नाई. आषाढातच संपते मुदत. पण "सलीमवालं" हा शब्द आज दुपारी त्यायच्याच खोलीत, त्यायच्यासमोर खोडीन. रविवारची वाट नाई पाहणार. अन् तिथून बोरगावची एसटी धरीन. पुष्पाबाईले तिचं साल त देता येत नाई. पण मशीनीपाशी नंबर काहून नव्हता, ते तिले तोंडानं सांगीन. ते तिनं विचारलं होतं.

सिग्नल पडला. लोक उठले. तुमी आता चष्मा पुसून म्हणसान, "बेटा, जरा थांब, आधी—"

नाई थांबत. चढते मी.

चारही एकाच डिस्कवर टाकणारी,
सुनंदा