टाळ्यांच्या जागी

हार्लो, विस्कॉन्सिन
१ ऑक्टोबर २०१९

प्रिय आर्डिस आत्या,

नमस्कार. तुमची तब्येत ठीक असेल. नाताळचं कार्ड मिळालं होतं, उत्तर द्यायचं राहिलं. इकडे थंडी यंदा लवकर आली. मी अजून ध्वनियंत्रणेचंच काम करते. सध्या बाबांच्याच टॅमरॅक कॉलेजच्या मैदानावर आमची कंपनी नवे स्पीकर बसवते आहे. बाबा बरे आहेत.

कामासाठी मला मैदानावरच्या आरोळीचं मोजमाप घ्यावं लागलं. तुम्हाला ती ठाऊक आहे. ‘को-बॅस! को-बॅस!’, मग तीन टाळ्या, मग पुन्हा ‘को-बॅस!’ टाळ्यांना दोन पूर्णांक एक दशांश सेकंद लागतात. इथून शिकून गेलेले मास्तर आणि कोच ती आरोळी आपापल्या शाळांत घेऊन गेले. मला आत्तापर्यंत तीन राज्यांतल्या अकरा शाळा सापडल्या. शब्द बदलले, चाल बदलली, पण तीन टाळ्या सगळीकडे आहेत. इथल्या एका प्राध्यापकांनी तर ही ग्रीक सैनिकांची रणगर्जना आहे असा लेख लिहिला होता.

ती गाईंना संध्याकाळी गोठ्याकडे बोलवायची हाक आहे, आणि ती तुमची आहे, बाबांनी ती फक्त कॉलेजात नेली, हे मला लहानपणापासून माहीत आहे. बाबा जेवणाच्या टेबलावर गंमत म्हणून सांगायचे. “आर्डिस एकदाच मॅच बघायला आली. चार हजार माणसं आपल्या गाईंना हाका मारताहेत हे ऐकलं आणि तडक उठून गेली. दूध काढायचं आठवलं असेल!” पाहुणे हसायचे. मीही हसायचे. त्या गाई विकून बाबांना कॉलेजात पाठवलं होतं आणि तुम्ही शाळा सोडून घरी राहिलात, हे आईनं मला फार पुढे सांगितलं.

वर ‘बाबा बरे आहेत’ असं लिहिलं, ते बरोबर नाही.

मार्चमध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात थोडा परत आला, बोलणं आलं नाही. पाणी हवं असलं तर ते खिडकीकडे बोट दाखवतात. स्वतःचं नावही सांगता येत नाही. मी सात महिने त्यांच्याकडेच राहते आहे. दिवसभर मैदानावर, मग घरी. मी थकले आहे, आणि हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना येते. जूनमध्ये मी रेकॉर्डिंग तपासत होते. आरोळी लागल्याबरोबर खुर्चीतून ते ओरडले, स्पष्ट, “को-बॅस! को-बॅस!” त्यांना पुन्हा बोलायला शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं, बोलणं गेलं तरी पाठ झालेलं कधीकधी राहतं. पण टाळ्यांच्या जागी बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते म्हणाले, “टूट्सी. पर्ल.” आणि अडकले. तोंड उघडंच राहिलं. मग रडायला लागले. तेव्हापासून रोज तेच. तीन टाळ्यांच्या जागी तीन गाईंची नावं असणार; दोन येतात, आणि तिसऱ्याशी थांबतात.

बारा तारखेला, शनिवारी, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. मॅचच्या आधी बँड थांबतो आणि हयात असलेल्यांतला सर्वांत जुना आरोळीप्रमुख, म्हणजे विद्यार्थी असताना मॅचमध्ये आरोळी सुरू करून देणारा, पुठ्ठ्याचा भोंगा घेऊन एकटा सुरुवात करतो. यंदा बाबांची पाळी आहे. मी नको म्हणाले. मेळाव्याचं काम बघणारे ड्वेन म्हणाले, “अगं मारित, अडखळले तर अडखळले! लोक टाळ्या वाजवून सांभाळून घेतील. लेलंडशिवाय आरोळी म्हणजे बँडशिवाय मिरवणूक.” बाबांना विचारलं, तर त्यांनी ड्वेननी आणून दिलेला भोंगा मांडीवरून सोडलाच नाही.

चार हजार लोकांसमोर ते तिसऱ्या नावाशी उभे राहून रडतील. तसं होऊ नये. तिसऱ्या गाईचं नाव फक्त तुम्हाला माहीत आहे. तेवढं कळवा. मी ते त्यांच्याकडून म्हणवून घेईन.

आणखी एक. मेळाव्याच्या पुस्तिकेत ‘ही आरोळी लेलंड टोस्त्रूड यांनी १९६२ साली रचली’ असं छापलं आहे. तो मजकूर मी लिहिला. माहीत असून लिहिला. छापून झाल्यामुळे बदलता येत नाही, म्हणून दुरुस्तीची चिठ्ठी आत घालायला दिली आहे. तुमचं नाव घालण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. तेही मी केलं नाही.

उत्तराची वाट पाहते, पण ते देणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

तुमची भाची,
मारित


रॅपिड सिटी, साउथ डकोटा
७ ऑक्टोबर

मारित,

तिसरी गाय नव्हतीच. आमच्याकडे दोनच होत्या.

तिसरा लेली. तुझा बाप. कुरणात पुस्तक घेऊन पडलेला असायचा. गाई एका हाकेत यायच्या, हा यायचा नाही. म्हणून चिडवायला त्यांच्यामागे त्याचं नाव जोडलं. टूट्सी, पर्ल, लेली. पुढे पुढे खरंच त्या हाकेलाच उठायचा.

मी मॅच सोडून गेले ती गाईंसाठी नाही. कॉलेजातल्या पोरांसमोर लाज वाटली असेल, म्हणून त्यानं नावं काढून टाळ्या घातल्या, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. गाईंची काढली त्याचं काही नाही. स्वतःचंही काढलं.

त्याच्याकडून काही म्हणवून घेऊ नकोस. ते नाव त्यानं कधी घेतलेलंच नाही, मग येणार कुठून? ते मी घ्यायची.

बसचं तिकीट काढलं आहे, शुक्रवारी पोचते. पहिली दोन त्याला म्हणू दे. मला तुझे स्पीकर नकोत, माझी हाक दोन कुरणांपलीकडून त्याला ऐकू जायची.

मी येईपर्यंत थोडी झोप घे.

आर्डिस आत्या