गोलकीपरची शिक्षा

रविवार, २ नोव्हेंबर

हरलो. पाच-एक. आणि पाचातला एकही गोल मला दिसला नाही!

चकतीच दिसत नव्हती. बर्फ पांढरा, चकती काळी – न दिसायला काय झालं? फोनला शिव्या घातल्या, नेटला घातल्या. राजनने शेजारच्या खाटेवरून मान लांब करून बघितलं. म्हणाला, चित्र तर एकदम साफ आहे. तो हॉटेलात स्वयंपाकी, त्याला बर्फावरच्या हॉकीतलं काय कळतंय म्हणून सोडून दिलं.

बारा वर्षं झाली हा नाद लागून. कीथ नावाचा इंग्रज मेकॅनिक होता इथे आखातात आमच्या विमानतळावर, हॅल्डन गावचा. शिफ्ट संपली की गावच्या टीमची मॅच लावायचा आणि मला शेजारी बसवायचा. हॅल्डन हेरन्स. हेरन म्हणजे बगळा. ते कळलं तेव्हा हसलो होतो – राजापूरच्या मळ्यातला बगळा बर्फावर काय करतोय! कीथ परत गेला. बगळे माझ्याकडे राहिले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

लोक मॅचच्या खाली लिहितात, गोलकीपरला, प्रिचर्डला काढा, म्हातारा झाला. अडतीस म्हणजे म्हातारा? मी एकोणपन्नासचा आहे. हा माणूस दिवसभर लोकांचे नळ दुरुस्त करतो आणि संध्याकाळी गोलात उभा राहतो. खेळ सुरू होण्याआधी दोन्ही खांबांना काठी टेकवतो, देवळात शिरताना उंबऱ्याला हात लावावा तशी.

मला बगळे आवडतात ते यासाठीच. निम्म्यांना पोटापाण्याचं दुसरं काम आहे. मॅकब्राइड ट्रक चालवतो. डाव्या खांद्यावर पोतं असल्यासारखा वाकून पळतो, पाठीवरचा नंबर वाचावाच लागत नाही.

नाहीतरी हल्ली नंबर वाचता येत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

मॅच चालू असताना उजव्या डोळ्यावर हात धरला. चकती दिसली – अंधूक, पण दिसली. मग डावा झाकला. प्रिचर्डला डोकंच नाही. खांदा आहे, हातमोजा आहे, मध्ये आणि उजवीकडे राखाडी डाग. फोन पुसला. नजर फिरवली तसा डाग माझ्याबरोबर फिरला.

फोन बंद केला. स्कोअर माहीत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

शिफ्ट संपल्यावर सलमानिया हॉस्पिटलजवळच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टर आतिका, तरुण आहे. साखरेने डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय म्हणाली. उजव्या डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची, महिन्याला एक, निदान तीन. तोवर गाडी चालवायची नाही. कंपनीसाठी चिठ्ठी देऊ का, असं तिनेच विचारलं.

मी म्हणालो, मी गोदामात काम करतो.

किती पटकन आलं तोंडातून! अठरा वर्षं विमानांच्या मधून सामानाचा ट्रॅक्टर चालवतोय आणि एका क्षणात गोदामातला झालो.

इंजेक्शन घ्यायचं तर रजा. रजा म्हटली की कारण. कारण सांगितलं की ट्रॅक्टर चालवायचं परमिट गेलं. परमिट गेलं की नोकरी, मग व्हिसा, मग पोरीचं, श्रेयाचं नर्सिंग अर्ध्यावर. जानेवारीत कंपनीची डॉक्टरी तपासणी आहे. तोपर्यंत काढू. सावकाश चालवू.

रविवार, २३ नोव्हेंबर

जिंकलो म्हणे. आवाजावरून कळलं.

मंगळवार, २ डिसेंबर

आज लिहवत नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

लिहायलाच हवं. दुसऱ्या कुणाला सांगणार?

काल सकाळी नऊची वेळ. लख्ख ऊन. मागे सामानाच्या चार गाड्या जोडलेल्या. उजवीकडे वळून विमानाच्या पोटाशी लावायचं, हजारदा केलेलं काम. मी बघितलं. वाट मोकळी होती. देवाशपथ मोकळी होती!

मग किंकाळी आली.

कमाल. चितगावचा. आठ वर्षं माझ्याबरोबर सामान चढवतोय. त्याचा पाय उजव्या चाकाखाली. मी उतरलो तर तो जमिनीवर पडलेला आणि माणसं धावत येत होती. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला. "मेरा पैर फिसला. भाई की गलती नहीं."

घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलंय.

रविवार, ७ डिसेंबर

हॉस्पिटलात जाऊन आलो. पाय प्लॅस्टरमध्ये. संत्री नेली होती. त्याने सोलून अर्धं मला दिलं. त्या दिवसाबद्दल त्याने काही विचारलं नाही, मीही काढलं नाही. बगळ्यांचं काय, म्हणाला. आज संध्याकाळी आहे म्हटलं.

लावली नाही मॅच.

बुधवार, १७ डिसेंबर

चौकशी संपली. कागदावर लिहिलंय – कामगाराचा निष्काळजीपणा. प्लॅस्टर निघालं की कमालला घरी पाठवणार. कायमचं.

साक्षीदार म्हणून माझी सही मागितली.

केली.

शुक्रवार, १९ डिसेंबर

सुट्टी. दिवसभर खाटेवर पडून होतो. राजनने मासळीचं कालवण आणलं, ते तसंच झाकून ठेवलं. हिचा फोन आला. आवाज का असा, म्हणाली. सर्दी म्हटलं. किती जणांना काय काय सांगितलंय ते आता माझ्याच लक्षात राहत नाही.

रविवार, २१ डिसेंबर

आज मॅच लावली. डावा डोळा उघडा, उजव्यावर रुमाल बांधून. राजन बघत राहिला.

दुसऱ्या भागात प्रिचर्डने समोरच्या एकाला काठी घालून पाडलं. दोन मिनिटांची शिक्षा. पण गोलकीपर बाहेर बसत नाही. त्याच्या वाटची शिक्षा दुसऱ्याने भोगायची, असा नियमच आहे. बारा वर्षं बघतोय, कधी काही वाटलं नाही. आज मॅकब्राइड गेला. सहा फुटांचा गडी काचेच्या त्या खोक्यात जाऊन बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. काही केलं नव्हतं त्याने.

पाचाऐवजी चार माणसांत खेळलो. समोरच्यांचा गोल झाला. गोल झाला की शिक्षा संपते, तसा मॅकब्राइड बाहेर आला. प्रिचर्ड जागा सोडून पुढे आला आणि त्याच्या नडगीवर काठी टेकवली. एवढंच.

मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो.

तिथे दोन मिनिटं असतात. सगळ्यांसमोर असतं. शिक्षा कुणाची आणि बसलंय कोण, हे लहान पोरालाही माहीत असतं. आणि ज्याच्यामुळे बसला तो समोर येऊन उभा राहतो.

मी सही केली.

सोमवार, २२ डिसेंबर

सांगितलं.

मसूदा मॅडम सुरक्षा अधिकारी आहेत, इथल्याच, मुहर्रकच्या. शिफ्टच्या आधीच त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. बस म्हणाल्या. बसलो नाही. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं.

"मॅडम, कमाल फिसला नहीं. मुझे दिखा नहीं. मेरी आँख खराब है और मुझे मालूम था."

 त्यांनी विचारलं, कधीपासून? नोव्हेंबर म्हटलं. सहीचं विचारलं. हो, खोटी केली. त्यांनी हात पुढे केला. गळ्यातलं परमिट काढून दिलं. मग म्हणाल्या, इंजेक्शन कधी घेणार?

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवार, १ जानेवारी

पहिलं इंजेक्शन झालं. दुखण्यापेक्षा भीतीच जास्त. डोळ्यावर पट्टी आहे, ओळी वाकड्या जातायत.

कमालचा कागद बदलला. त्याला पाठवणार नाहीत, बरा होईपर्यंत बसून करायचं काम देणार. माझं अजून ठरलेलं नाही. बहुतेक महिनाअखेर घरी. हिला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "आधी डोळा बघा. श्रेयाचं मी बघते."

कमालला भेटायला गेलो नाही. माझ्यासाठी तो खोटं बोलला आणि मी मॅडमसमोर त्यालाच खोटा पाडला. कुठलं तोंड घेऊन जाऊ?

शुक्रवार, ९ जानेवारी

कमाल आला होता. कुबड्या घेऊन दोन जिने चढून. धाप लागलेली.

म्हणाला, त्याला गेल्या रमझानपासून, मार्चपासून माहीत होतं. मी ट्रॅक्टरने उजवीकडचा एक प्लास्टिकचा खांब उडवला होता आणि मला कळलंही नव्हतं. त्या दिवसापासून तो रोज माझ्या उजव्या चाकाशेजारून चालत होता, कुणी आडवं येऊ नये म्हणून.

"मुझे लगा, मैं काफी हूँ."