रंगाला पडलेले डोळे

३ मार्च, मंगळवार

माझी गाडी बघून ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडमनी नाक मुरडलं. चक्क माझ्यासमोर! बारा वर्षं चालवतेय, एकदाही कुणाला धक्का नाही, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "शिकवायला घेते तुम्हाला. पण ड्रायव्हिंग स्कूलला असली गाडी? बायका बसायच्या नाहीत हो. वीस तारखेपर्यंत रंगवून आणा, नाहीतर मी दुसरी कुणी बघते."

ही नोकरी हुकली तर गाडी विकायची. आणि नणंद तिच्या आईला घेऊन जाणार. "वहिनी, तुझं तुलाच भागेना, आईचं कुठून करशील?" — कसा गोड आवाज लावते!

नवरा गेल्यापासून दीड वर्ष या घरात सासूबाई आणि मी, दोघीच. रोज खटके उडतात. पण त्या गेल्या तर मी भांडू कुणाशी?

४ मार्च

तीन ठिकाणी फिरले. पहिल्याने आकडा सांगितला, मी पाणी पिऊन निघाले. दुसरा म्हणाला, दोन दिवसांत चकाचक! त्याच्याच शेजारच्या पंक्चरवाल्याने हळूच सांगितलं, वर्षात पापुद्रे निघतात.

तिसरा म्हातारा पेंटर. पत्र्याची शेड, तोंडात शब्द मोजून. गाडीभोवती फिरला, गंजावर नख मारलं.

"ताई, रंग महाग नसतो, घासणं महाग असतं. घासायचं तुम्ही करा, फवारायचं मी. साधा पांढरा देतो, चमचम मागू नका. आठ वर्षं हलणार नाही."

"आणि घासलं नाही नीट, तर?"

"तर आठ महिने."

७ मार्च

घासतेय. गंज पार पत्र्यापर्यंत काढायचा, खड्ड्यात पुट्टी, वाळली की पाणी टाकून परत घासायचं. नखं गेली, खांदे गेले. एक दार झालं!!

सासूबाई खिडकीत बसून बघतात. त्यांच्या हातात शिलाई मशीनची तेलाची चिंधी कायम. कडी, कोयंडा, कपाट, दिसेल त्याला पुसतात. आज खाली येऊन गाडीच्या बिजागरीला हात घातला! "कुरकुरतंय गं." पेंटरने बजावून सांगितलंय, तेलाचा थेंब नको. मी ओरडलेच. त्या वर गेल्या. मला वाईट वाटलं, पण सॉरी काही म्हटलं नाही.

१० मार्च

प्रायमर मारून गाडी घरी आणली. राखाडी, आजारी दिसते. त्यावरून बारीक सँडपेपर फिरवायचा, गुरुवारी रंग. टप आणि बॉनेट पेंटर शेडमध्ये करणार, चार दारं माझ्याकडे.

डिकीत स्टेपनीखाली नवऱ्याचं पिवळं फडकं सापडलं. रविवारी तासन्‌तास गाडी पुसायचा त्याने. मी हसायचे, एवढं बायकोलाही बघ कधीतरी! फडक्याला अजून त्याचा वास आहे. खूप रडले. बरं वाटलं.

१२ मार्च, गुरुवार

सगळं मातीत.

सकाळी दारं घासून, पुसून गाडी घेऊन गेले. पेंटरने थिनरचा हात फिरवला आणि फवारा सुरू केला. टप सुरेख. बॉनेट सुरेख. दारांवर मारला आणि माझ्या डोळ्यांदेखत रंग जागोजागी मागे सरकायला लागला. गोल गोल खड्डे. शेकडो! पेंटरने फवाऱ्याची बंदूक खाली ठेवली. "डोळे पडले. तेलकट काहीतरी लागलंय, ताई. चारी दारं परत घासा. मुळापासून."

तेलकट!

घरी येऊन चप्पलही न काढता सुरू झाले. "तुमची ती चिंधी! नको म्हटलं होतं ना? तुम्हाला लेकीकडेच जायचंय, तर सरळ सांगा, माझ्या पोटावर कशाला पाय देता?" हे बोलले मी. अगदी हेच.

त्या म्हणाल्या, "लागला असेल माझा हात."

१३ मार्च

नणंद येऊन घेऊन गेली. एक बॅग. मशीन इथेच आहे. चिंधीसुद्धा, घडी घालून ठेवलेली.

१४ मार्च

घासतेय. वर बघायची सवय जात नाही. खिडकी रिकामी.

१६ मार्च, सोमवार

गाडी घेऊन गेले. पेंटर मागच्या सीटवरून कागद काढत होता, फडकं त्याच्या हाती लागलं. नाकाशी नेलं.

"ताई, गुरुवारी दारं याने पुसलीत?"

हो म्हटलं.

"हे पॉलिशचं आहे. कितीही धुवा, जात नाही. थिनरने तर आणखी पसरतं. साध्या तेलाने इतके डोळे पडत नाहीत हो, ते पुसलं की निघतं."

गुरुवारी सकाळी शेवटचा हात मी त्याच्याच फडक्याने फिरवला होता. मुद्दाम. त्याचाही हात लागू दे म्हणून. आणि त्याचा वास म्हणून जे नाकाला लावून रडले, ते पॉलिश होतं!

आईंना काय काय बोलले मी. काय काय!

१७ मार्च

रंग बसला. एक डोळा नाही.

१८ मार्च

मॅडम म्हणाल्या, "ओळखू येत नाही हो! सोमवारपासून या." एवढी वाट बघितली, आणि घरी येऊन कुणाला सांगू?

१९ मार्च, गुरुवार

नणंदेच्या दारात गाडी लावली. आई खाली आल्या, बॅग घेऊनच. उघडलीच नव्हती म्हणे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारावर तळवा ठेवून म्हणाल्या, "त्याचंच पॉलिशचं फडकं होतं ना? खिडकीतून बघितलं होतं मी. दारं पुसून ते नाकाला लावून उभी होतीस. मग तुला काय सांगायचं?"