मीच सही केलेला कायदा

अलाबामा, ऑक्टोबर १९६१

प्रिय ऑर्व्हिल यास ल्युशसचा मनापासून नमस्कार,

तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे (डॉक्टरांचं मत वेगळं आहे, पण त्यांनी मला मत कधी दिलंच नव्हतं).

गव्हर्नर होतो ते दिवस फार आठवतात रे. तू गाडी हाकायचास, मी खिडकीतून हात हलवायचो (कापसाच्या शेतातल्या बुजगावण्यालाही एकदा हलवला). गावोगावी तळलेली कोंबडी आणि हस्तांदोलन करकरून सुजलेला पंजा! फेडरल न्यायाधीश झालो आणि सगळं थांबलं. आता मी आत शिरलो की माणसं उभी राहतात नि तोंडं मिटतात. पहिल्याच दिवशी सवयीनं खाली उतरून बाराही ज्युरींशी हात मिळवले, एकाला तर पुलाचं आश्वासनही देऊन बसलो. कारकुनानं झग्याला धरून मला परत वर नेलं.

गेल्या महिन्यात ओडेसा टिलमन नावाच्या शिक्षिका कोर्टात आल्या. वीस वर्षं काळ्या मुलांना शिकवताहेत, पण काळ्यांना गाळणाऱ्या त्या मतदार नोंदणीच्या परीक्षेत स्वतःच तीनदा नापास. प्रश्न काय, तर राज्यघटनेत स्वल्पविराम किती! बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मी मोजलेत. नोंदणीवाल्यालाच उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून मी नापास."

मी भडकलो. सरकारी वकिलाला विचारलं, "असल्या कायद्यावर सही कुठल्या गाढवानं केली?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "साहेब, आपणच."

मग आठवलं. जत्रेच्या दिवशी, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, न वाचता ठोकली होती. कायदा रद्द केला. तेव्हापासून न्हाव्याला माझ्यासाठी वेळ नसतो आणि चर्चमध्ये अख्खा बाक माझ्या एकट्याचा, पाय पसरून बसतो. बरं आहे. न्यायाधीशाला मित्र हवेत कशाला?

तुझा,
ल्युशस

ता. क. – 'न वाचता' लिहिलंय ते खोटं आहे. वाचला होता. तू शेजारीच उभा होतास.

ता. क. २ – मित्रांबद्दलचंही खोटं. दीड महिना तू फिरकला नाहीस. रविवारी जेवायला ये. लोक बोलतील अशी धास्ती असेल, तर मागच्या दारानं ये, गावात काळ्यांना यायला लावतात तसा.

ता. क. ३ – नको. पुढच्याच दारानं ये. मिसेस टिलमनही येणार आहेत, आणि त्या पुढच्याच दारानं येतील.