पहिली टाळी ज्याची, लय त्याची

मी, खाली सही करणारी, वय पंचावन्न, धंदा ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवणे, शिक्षण चौथी पास आणि पाचवीत दोनदा नापास, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. वकीलबाईंनी एक छापील नमुना दिला होता. त्यात पहिलंच वाक्य होतं की लिहून देणाऱ्याची प्रकृती ठणठणीत आहे. ठणठणीत असती तर मी आत्ता तालमीला असते. ते वाक्य मी काढलं. डोकं मात्र ठिकाणावर आहे आणि ते कुणाच्या दबावाखाली कधीच नव्हतं, हे माझ्या घरचे लोक शपथेवर सांगतील. बिघडलंय ते हृदय. परवा डॉक्टर त्याची झडप बदलणार आणि ठोका चुकतो म्हणून आत एक यंत्रही बसवणार. म्हणून हा कागद. शुद्धलेखन वकीलबाईंनी सुधारलंय. वाक्यांना हात लावू दिलेला नाही.

यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात तोंडी बरीच केली, ती सगळी रद्द समजावीत.

कलम एक. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या नवऱ्याला. हे शिंपी आहेत. ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येकाचा कोट ह्यांनी शिवलाय आणि प्रत्येक कार्यक्रमात हे पहिल्या रांगेत झोपलेत. लग्नानंतर मी एकदा भांडले, की बायको समोर एवढा धडाका लावते आणि तुम्ही घोरता. तर म्हणाले, "तू वाजवत असलीस की सगळं जागच्या जागी आहे असं वाटतं गं." त्यावर पुढे भांडता येईना. माझ्यामागे मुलाने ह्यांना आपल्याकडे न्यायचा हट्ट धरू नये. शिलाईयंत्र गॅलरीतच राहील. उजेड तिथेच येतो.

कलम दोन. बँकेत जे निघेल ते मुलाला. तोंड वाकडं करू नये. त्याला मी लहानपणी वाजवायला शिकवलं, मोठा झाल्यावर तो चष्मे विकायला लागला. चांगले विकतो. माझा चष्मा मलाच पूर्ण किमतीला विकला, तेव्हा धंद्यात तो मामावर गेलाय.

कलम तीन. माझं ड्रमचं स्टूल माझ्या वहिनीला. लग्न होऊन आली तेव्हा ती म्हणाली होती, "बाईमाणसाने असं पाय फाकून बसलेलं बरं दिसत नाही." मी विसरलेले नाही. स्टूल मजबूत आहे, तिने एकदा बसून पाहावं. दिसत नसेल बरं, पण वाटतं फार बरं. ड्रम पुढे सून वाजवेल, तिला स्टूल नवीन घेऊन द्यावं.

कलम चार. हे लांबणार आहे. वकीलबाई म्हणाल्या थोडक्यात लिहा. थोडक्यात लिहिलं तर दादा त्यातून वाट काढेल. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, ऑर्केस्ट्राचा मॅनेजर. पन्नास वर्षांपूर्वी आमच्या वडिलांनी, अण्णांनी, हा ऑर्केस्ट्रा काढला आणि जाताना आम्हा दोघांच्या नावे अर्धा अर्धा केला. नाव, व्हॅन, सामान, सगळ्यात माझा निम्मा हिस्सा आहे. त्याचं काय करायचं ते या कलमात.

अण्णा लेथवर काम करायचे. पहिला कार्यक्रम त्यांनी कारखान्याच्या आवारात केला, पाळी सुटताना, फुकट. कारण दमलेला माणूस हॉलपर्यंत जात नाही. तिथेच त्यांनी नियम घातला. आवारात, अंगणात वाजवताना समोर जो पहिली टाळी धरेल, लय त्याची. दमलेल्याची टाळी संथ पडते, मुलांची धावत सुटते. आपण त्यांना ओढायचं नाही, आपण त्यांच्याकडे जायचं. तेव्हापासून हॉलचे कार्यक्रम पोटासाठी आणि अंगणातले नियमासाठी, असं चालत आलंय. मी सोळाव्या वर्षी ड्रमवर बसले. ड्रमवाल्याची अक्कलदाढ सुजली होती, म्हणून तात्पुरती बसवली. अजून तात्पुरतीच आहे.

यंदा पन्नासावं वर्ष. दादाने मोठा मोसम आखला, निम्मे कार्यक्रम हॉलमध्ये, निम्मे अंगणात. सुरुवातीला त्याने आम्हा सगळ्यांना स्टुडिओत नेलं आणि एकेक गाणं भरून घेतलं. म्हणाला, पन्नाशीची आठवण म्हणून. आम्ही नवे कोट घालून गेलो. अ‍ॅकॉर्डियनवाले काका तर दाढी करून आले. स्टुडिओत कोण बघणार होतं?

मोसमाचा पहिला कार्यक्रम मोठ्या हॉलमध्ये झाला. तिसऱ्या गाण्यात माझी डावीकडची काडी मोडली. पिशवीतून दुसरी काढेपर्यंत माझे ठोके गेले. मी मनात स्वतःला शिव्या घालतेय आणि माझे गेलेले ठोके मला ऐकू येतायत, एकही न चुकता.

मध्यंतरात साउंडवाल्याची कॉलर धरली. तो म्हणाला, "काकू, माझ्यावर कशाला? दादांनी सांगितलं तसं केलं. तुमचे माइक बंद आहेत."

"कधीपासून?"

"पडदा उघडल्यापासून."

म्हणजे स्टुडिओतली गाणी वाजत होती आणि आम्ही पुढे बसून हातवारे करत होतो. दादाला आतल्या खोलीत गाठलं. तो आरशात टाय नीट करत होता. म्हणाला, "छोटे, पन्नासावं वर्ष आहे. एक चूक झाली तर पन्नास वर्षं पाण्यात."

मी म्हटलं, "आणि वाजवलंच नाही तर ती तरतात होय?"

"लोकांना काय कळतंय?"

त्या दिवशी मी कार्यक्रम पुरा केला. घाबरून गप्प बसले असं कुणी समजू नये. मी जागा शोधत होते.

जागा मिळाली वृद्धाश्रमाच्या अंगणात. मला वाटलं होतं, अंगणात तरी दादा अण्णांचा नियम मोडणार नाही. पण पहिलं गाणं सुरू झालं आणि कळलं की इथेही स्टुडिओत भरलेला ट्रॅकच लावलाय. पुढे चाकाच्या खुर्चीत एक आजी होत्या. सगळ्यांच्या आधी त्यांनी टाळी धरली. एक. मग बऱ्याच वेळाने दुसरी. लय त्यांची होती, पण ट्रॅकला काय त्याचं? तो चालला आपला धावत. आजींनी दोनदा त्याला पकडून पाहिलं. मग हात मांडीवर ठेवले आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "माझंच चुकतंय."

मी काड्या खाली ठेवल्या. ड्रम वाजत राहिला.

अ‍ॅकॉर्डियनवाल्या काकांनी माझ्याकडे पाहिलं, भाता मिटला आणि पट्टा लावून टाकला. अ‍ॅकॉर्डियन वाजत राहिलं. मग ट्रम्पेटवाला, मग गिटारवाला. शेवटी आम्ही सगळे हाताची घडी घालून बसलो आणि ऑर्केस्ट्रा जोरात चालू. दादा एकटा समोर उभा राहून हात हलवत होता. मागून एक आजोबा म्हणाले, "बरंय की. आमच्यासारखंच. बसून राहायचं, बाकी सगळं आपोआप." अख्खं अंगण हसलं. मी उठले आणि वायर ओढली. ती मी ओढली, साउंडवाल्याला त्याबद्दल कुणी बोल लावू नये. मग आजींपाशी गेले. म्हटलं, "चुकलं तुमचं नाही, आमचं चुकलं. धरा परत."

"मला हळूच येते गं."

"मग हळूच."

ते गाणं आम्ही इतकं हळू वाजवलं की ट्रम्पेटवाल्याला मध्ये पाणी प्यायला वेळ मिळाला. ह्यांना जाग आली, हेही इथे नोंदवते. माझं वाजवणं ऐकताना हे जागे झाल्याची ही पहिली वेळ.

व्हॅनमध्ये सामान चढवताना दादा म्हणाला, "चारचौघांत उघडं पाडलंस मला. तुझा हिस्सा मला विकून मोकळी हो. उद्या तुला काही झालं तर ड्रमवर कोण बसणार? सून? ती चुकते."

"चुकते," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय? चुकते, म्हणजे वाजवते तरी."

हिस्सा विकला नाही. मग माझ्या हृदयाचं निघालं. दादा हॉस्पिटलात भेटायला आला, यंत्राचं ऐकलं आणि त्याला हसू आवरेना. "म्हणजे छोटे, आता तूही ट्रॅकवर." त्याचं बोलणं मला लागलं, खोटं कशाला सांगू. रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत लागलं. मग डॉक्टर आले, त्यांना विचारलं. ते म्हणाले, हे यंत्र आत बसून ऐकत असतं. तुमचा ठोका वेळेवर पडला तर ते गप्प. राहिला, तरच आपला एक देतं. मी दादाला लगेच फोन केला. म्हटलं, असा ट्रॅक कुठे मिळत असेल तर आण, मी माझ्या शेजारी खुर्ची देते.

आता मूळ मुद्दा. दादा चांगला व्हायोलिन वाजवायचा. अण्णांच्या मागे पाच-सहा वर्षं वाजवलं, मग पेटी कपाटावर टाकली. मॅनेजरला वेळ कुठे असतो, म्हणाला. वेळेचं कारण नाही. त्याची डाव्या हाताची करंगळी वळत नाही. त्याने हे कुणाला सांगितलेलं नाही, बहुतेक वहिनीलाही नाही. मी इथे लिहितेय, कारण एका करंगळीची लाज झाकायला या माणसाने अख्ख्या ऑर्केस्ट्राचे माइक बंद केले. चूक परवडत नाही म्हणतो तो. त्याला स्वतःचीच परवडत नाही.

तेव्हा ऑर्केस्ट्रातला माझा निम्मा हिस्सा दादाला, पण एका अटीवर. पन्नाशीच्या मोसमाचा शेवटचा कार्यक्रम त्याच वृद्धाश्रमाच्या अंगणात व्हावा, ट्रॅक नसावा, आणि दादाने त्यात निदान एक गाणं स्वतः व्हायोलिनवर वाजवावं. माइक चालू पाहिजे. तो बिघडवेल. बिघडवल्याने हिस्सा जात नाही, न वाजवल्याने जातो. तसं झालं तर माझा हिस्सा सगळ्या वाजवणाऱ्यांना सारखा वाटावा, आणि मग दादाने त्यांच्याशी मॅनेजरकी करून दाखवावी. अट पाळली की नाही, हे अ‍ॅकॉर्डियनवाले काका ठरवतील. त्यांचा कान अजून शाबूत आहे, गुडघे नसले तरी.

कलम पाच. ड्रमचा पूर्ण सेट सुनेला. तिचा उजवा पाय घाई करतो. मी सांगून थकले. ती म्हणते, "आई, मी काय करू, तो माझं ऐकत नाही." मी गेले तर शेवटच्या कार्यक्रमात माझ्या जागी तिने बसावं. माझी खुर्ची फुलं ठेवून रिकामी ठेवू नये. दोन मिनिटं शांत उभं राहू नये, ऑर्केस्ट्रावाल्यांना ते जमत नाही, कुणीतरी खोकतो. आणि माझं वाजवणं स्टुडिओत भरलेलं आहे म्हणून ते कुणी लावलं, तर मी उठून येऊन वायर ओढीन. वायर कुठे असते ते मला माहीत आहे.

कलम सहा. ज्यांच्यावर माझा राग आहे त्यांची नावं लिहिणार होते. जागा उरली नाही. त्यांना ठाऊक आहे.

पुरवणी. वरचं सगळं लिहून झालं आणि सह्यांसाठी साक्षीदार येऊन बसले, तेवढ्यात दादा आला. वहिनीने पाठवलं म्हणाला. वकीलबाई नको नको म्हणत असताना मी कागद त्याच्या हातात दिला. मेल्यावर कळण्यापेक्षा समोर कळलेलं बरं. त्याने चौथं कलम दोनदा वाचलं. ह्यांनी शिलाईयंत्र थांबवलं.

"करंगळीचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तू टाळी वाजवतोस तेव्हा ती एकटीच बाहेर उभी असते, न बोलावलेल्या पाहुण्यासारखी."

त्याने हात खिशात घातला. "आणि तू परवा जगलीस तर? मग हा कागद फुकट."

वकीलबाईंनीही तेच सांगितलं, की मी जगले तर मृत्युपत्र लागू होत नाही. तेव्हा पुरवणी अशी. मी जगले तरी चौथं कलम लागू. ते मृत्युपत्र म्हणून लागत नसेल तर धाकट्या बहिणीचा हुकूम म्हणून लागेल. मी ड्रमवर असेन, सून शेजारी, आत यंत्र, आणि समोर आजी. दादाने त्या दिवशी तब्येतीचं कारण सांगू नये. तब्येतीची कारणं या घरात आता मी सांगणार.

दादाने चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला, जे त्याने जन्मात केलेलं नाही. चपला घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाणं कुठल्या पट्टीत घ्यायचं?"

मी म्हटलं, "तुझ्या बोटाला झेपेल त्या."

वकीलबाई म्हणतात, हे मृत्युपत्रात लिहायची गरज नाही. मला आहे.

लिहून देणारी: ड्रमवाली. सही स्वतःची, अंगठा नाही.

साक्षीदार पहिली: समोरच्या घरातली दातांची डॉक्टर. लिहून देणारी पूर्ण शुद्धीत होती, मी कसलीही भूल दिलेली नाही.

साक्षीदार दुसरी: वृद्धाश्रमाची मेट्रन. त्या दिवशी मी अंगणात होते. शेवटच्या कार्यक्रमाला अंगण मोकळं ठेवलंय. आजी विचारतायत, कधी.

ठिकाण: आमची गॅलरी, शिलाईयंत्राचं टेबल.
दिनांक: ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, बुधवार, भर उजेडात.