दुसरी गोळी

नांदेड. रविवार, उन्हाळ्याची सुरुवात.

आई, फार वर्षं तुला काही लिहिलं नाही, राग धरू नकोस. लिहायला बसलं की मधे तुझा रेणापूरचा तो डॉक्टर यायचा आणि माझं डोकं तापायचं. आज त्याच्याचविषयी लिहायचं आहे.

मला बीपी निघालंय. मी कॉलेजात शिकवते, तिथल्या तपासणीत निघालं, तेव्हा आधी मशीनवरच संशय घेतला. घरी नवं मशीन आणलं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, गप्प बसून, चहाच्या आधी मोजलं. आकडा वरचाच. मग वाटलं, दंडाचा पट्टाच लहान असेल. शेवटी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, ही गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी." मी विचारलं, "किती दिवस?" त्या नुसत्या हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही. औषधांचं दुकान त्यांच्याच दाराशी आहे, हेही मी बघून ठेवलं.

तुझं बीपी निघालं तो उन्हाळा आठवतो. गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं एकेकीच्या घरी पापड लाटतायत. डॉक्टरानं मीठ कमी करायला सांगितलंय, म्हणून तू ताटात मीठ वाढू देत नाहीस, लोणच्याला शिवत नाहीस, आणि येईल त्याला ते सांगतेस. हात मात्र परातीत. उडदाच्या पिठाची लाटी तेलात बुडवून तोंडात, मग दुसरी. "आई, तुला मीठ कमी करायचंय ना?" मी म्हणते. शेजारची चाची लाटणं थांबवते. "लाटी म्हंजे काय जेवण हाय का गं? पोरगी कॉलेजात शिकून राहिली अन् आईचे घास मोजून राहिली!" सगळ्या हसतात. तू म्हणतेस, "त्यात कसलं आलंय मीठ? पापडखारच तर हाय." पापडखारही मिठाच्याच घरचा, त्यातही सोडियमच, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

पुढे दर वेळी दवाखान्यात तेच. आकडा उतरलेला नसायचा. "गोळ्या रोज चालू आहेत ना?" डॉक्टर विचारायचा. "हाव, रोज घेते की." मग तो आणखी एक वाढवायचा. बाहेर आल्यावर तू म्हणायचीस, "ह्याला वाढवायचंच ठाऊक हाय. डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई, अन् म्हणं बीपी हाय!" मला ते पटायचं. मग एके दिवशी तुझी एक बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि तू गेलीस. त्या भारंभार गोळ्यांनीच तुला नेलं, असं मी भावाला सांगितलं, मावशीला सांगितलं, माझ्या मुलीलाही सांगत आले. तो डॉक्टर एकदा लातूरच्या बसस्टँडवर दिसला. तुमची आई, असं काहीतरी म्हणत जवळ आला. मी तोंड फिरवलं.

काल माझा आकडा पुन्हा वरच निघाला. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "एका गोळीनं भागत नाही तुमचं. दुसरी जोडते." माझ्या मनात लगेच तुझंच वाक्य उमटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पहिली रोज घेताय ना?"

"हो, रोज," मी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत बघून, इतक्या सहज, की बोलतेय ती तूच आहेस असं वाटलं.

आई, मी रोज घेत नाही. डोकं जड झालं तर घेते, एरवी नाही. औषध पुरं पडत नाही असं समजून त्यांनी दुसरी लिहिली; माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून आणखी काय करणार? कालपासून मला तुझाच संशय येतोय. तू घेत होतीस का गं? त्या माणसानं न घेतलेल्या गोळ्यांवर गोळ्या चढवल्या का? स्वतःच्या खोटेपणावरून गेलेल्या आईवर आळ घेणं बरं नव्हे, कळतं मला. पण डॉक्टरवर आळ घेताना तरी माझ्यापाशी काय होतं? तुझं एक वाक्य, आणि माझी तुझ्यावरची माया. खरं काय ते आता कुणीच सांगू शकणार नाही.

हे वहीतच राहील. मुलीच्या हाती लागू नये असं वाटतं, आणि लागावं असंही.

दुसरी गोळी आणलीय. पहिलीच नीट न घेता ती घ्यायची भीती वाटते. खरं सांगायची त्याहून जास्त.

उद्या: दवाखान्यात जाऊन, पट्टा बांधायच्या आधी, गोळी रोज घेत नव्हते हे सांगणे.